दादारावांचा चोरबंदोबस्त

आपल्या दुकानातून अकरा साड्या नाहीशा झाल्या आहेत हे दादाराव गावंडे यांना ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी त्यांनी दुपारी जेवण घेतलं नाही. संध्याकाळी दोन वेळचं मिळून एकदम घेतलं, पण ते बाजाराला दिसलं नाही, आणि बाजारात हळहळ व्हायची ती होऊन गेली.

अकोल्याच्या कापड बाजारात 'रागिणी वस्त्रदालन' म्हणजे काही लहान नाव नव्हे. दादारावांच्या वडिलांनी पांढरी गादी घालून मांडलेलं दुकान. गिऱ्हाईक आत आलं की आधी चहा, मग पाणी, मग पुन्हा चहा आणि मग साडी, हा तिथला क्रम. घरच्या म्हाताऱ्या माणसाला दुकानापर्यंत येणं जमत नसेल तर पाच-सात साड्या पसंतीला घरी पाठवून द्यायच्या, आवडेल ती ठेवा, बाकीच्या सवडीने परत करा, हीही वडिलांचीच पद्धत. लिहून ठेवायची गरज नसे. वडिलांना सगळं तोंडपाठ असे. दादारावांनी वडिलांची पद्धत घेतली होती, पाठांतर मात्र वारशात आलं नव्हतं.

त्यात लग्नसराई तोंडावर. बाळापूरच्या चतुराबाई ताथोड यांच्या नातीचं, आरतीचं लग्न ठरलेलं. बस्ता, म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी, ताथोडांच्या घरात तीन पिढ्या 'रागिणी'तच होत आली. वीस-पंचवीस माणसं गाडी करून येत, दिवसभर बसत, दुकानात जेवत, आणि संध्याकाळी निघताना अर्धं दुकान गाडीत असे. बाजारात दादारावांना जो मान होता त्याचा बराचसा भाग हा बस्ता होता. कापड व्यापाऱ्यांच्या बैठकीत कुणी आवाज चढवला तर दादाराव फक्त एवढंच म्हणत, "ताथोडाइचा बस्ता कुठी होते, ते सांगा." समोरचा गप्प बसे. हा बस्ता गेला असता तर दादारावांना बैठकीत बोलायला दुसरं वाक्यच नव्हतं.

पहिला सल्ला दिला बंडूभाऊंनी. बंडूभाऊंचं शेजारी भांड्यांचं दुकान. त्यांच्याकडून आजवर एक चमचासुद्धा चोरीला गेला नव्हता, कारण भांडं चोरताना वाजतं. पण बंडूभाऊ हे श्रेय भांड्यांना देत नसत, स्वतःला देत.

"चोराले भेव पायजे, दादाराव," ते म्हणाले. "तुह्या दुकानात चोराले च्या भेटते. काहून नाई येनार थो?"

दादाराव आधी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांकडे त्या दिवशी हरवलेल्या माणसांचा फॉर्म तेवढा शिल्लक होता. ते भले गृहस्थ म्हणाले की यातच बसवू. शेवटची कधी दिसली? दिवाळीत. वर्ण? एक जांभळी, दोन मोरपंखी, बाकीच्यांचं नक्की आठवत नाही. उंची? साडेपाच मीटर. अंगावर काय कपडे होते, या रकान्यापाशी दोघंही बराच वेळ थांबले. शेवटी हवालदार म्हणाले की साड्या हरवल्या की चोरीला गेल्या, हे आधी घरी बसून ठरवा आणि मग या. त्या सल्ल्यात फार मोठं शहाणपण होतं. दादारावांनी तो सरकारी टाळाटाळ म्हणून सोडून दिला.

मग सुरू झाला बंदोबस्त. दुकानाच्या कोपऱ्यात फुगीर आरसा बसला, घाटातल्या वळणावर असतो तसा. त्यात गल्ल्यावर बसल्या बसल्या सगळं दुकान दिसे. अडचण एवढीच झाली की गिऱ्हाईक बायकांनाही तो आरसाच वाटला. खांद्यावर साडी टाकून त्या आरशासमोर जात आणि स्वतःचा माठ झालेला पाहून साडी मुकाट्याने ठेवून देत. आठवडाभरात एकही शालू गेला नाही. चोरी बंद झाली होती हे खरं, पण विक्रीही बंद झाली होती, आणि दोन्ही मिळून बंद करायची होती तर कुलूप स्वस्तात आलं असतं.

आरसा उतरला आणि कॅमेरे चढले. बंडूभाऊंच्या हिशेबाने एक खरा आणि पाच खोटे. "चोराले का मालूम कोनता खरा?" ते म्हणाले. चोराला नव्हतंच मालूम, पण नितेशलाही नव्हतं. नितेश हा दुकानातला मुख्य विक्रेता, वय पस्तीस, उत्साह त्याच्या निम्म्या वयाचा. कॅमेरे त्यानेच बसवले. पाचही खोटे कॅमेरे साड्यांवर रोखले गेले आणि खरा बसला गादीच्या बरोब्बर वर. पहिल्या आठवड्याच्या चित्रणात दादाराव रोज दुपारी दोन ते साडेतीन उघड्या तोंडाने झोपलेले स्वच्छ दिसत होते. ते चित्रण नितेशने तपासासाठी म्हणून मोबाइलवर घेतलं आणि दोन दिवसांत अख्ख्या बाजाराने तपासलं.

यानंतर दादारावांनी यंत्रांवरचा भरवसा सोडला आणि दारात स्टूल टाकलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने आपली थैली तिथे जमा करायची, बिल्ला घ्यायचा आणि मगच आत यायचं. स्टुलावर बसवलं इंदूबाईंना. इंदूबाई साड्यांच्या काउंटरवर बावीस वर्षं होत्या. कोणत्या घरात कोणता रंग चालत नाही, कोणत्या सुनेला सासूसमोर महाग साडी दाखवायची नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते डोकं आता दारात बसून मेथीच्या जुड्या सांभाळू लागलं.

"बावीस वर्स साड्या दाखोल्या," त्या म्हणाल्या. "आता थैल्या राखा म्हनते. बरं हाय बाप्पा."

दादारावांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. बंदोबस्ताच्या काळात माणसाला मन घट्ट करावं लागतं.

आणि एका मंगळवारी चतुराबाई आल्या.

बस्त्याआधी नवीन माल काय आलाय ते पाहायला त्या एकट्याच बाळापूरहून बसने आल्या होत्या. वय बाहत्तर, नऊवारी, हातात कापडी थैली. दारात इंदूबाईंनी उठून नमस्कार केला आणि खाली पाहत थैली मागितली. चतुराबाईंनी थैलीकडे पाहिलं, इंदूबाईंकडे पाहिलं, आणि दिली. सात नंबरचा बिल्ला घेऊन त्या आत गेल्या आणि गादीवर बसल्या.

पाच मिनिटांनी नितेश दादारावांच्या कानाला लागला.

"भाऊ, सात नंबरच्या थैलीत आपल्या साड्या हायेत."

"आपल्या म्हंजे?"

"आपल्या दुकानाच्या. चिठ्ठी लागेल हाय. तीन नग. बिल नाई."

दादारावांनी थैलीत डोकावून पाहिलं. एक जांभळी आणि दोन मोरपंखी. इंदूबाई दारातून उठून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माहं आयका, थैली तं तिनं येता येताच—" पण दादारावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ही वेळ इंदूबाईंचं ऐकण्याची नव्हती. ही वेळ होती मोठेपणाची. दुसरा कुणी असता तर आरडाओरड करता, पोलीस बोलावता. दादारावांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी थैलीतल्या तिन्ही साड्या हळूच काढून घेतल्या. थैली हलकी लागू नये म्हणून दुकानाची सहा कॅलेंडरं आत सारली. या नाजूकपणाचं त्यांना स्वतःलाच इतकं कौतुक वाटलं की त्यांचे डोळे ओलावले.

चतुराबाई निघताना थैली घेऊन गल्ल्यापाशी आल्या. "दादाराव," त्या म्हणाल्या, "या थैलीत थ्या तीन—"

"काकू," दादाराव मध्येच म्हणाले, "काई बोलू नका. मले समदं मालूम हाय. मी कोनाले सांगनार नाई."

चतुराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग कॅमेऱ्यांकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, आणि निघून गेल्या. चहा त्यांनी अर्धा ठेवला होता.

त्यानंतर बाळापूरहून काही निरोप येईना. गुढीपाडवा गेला. दादाराव रोज गादीवरची चादर बदलायला लावत. आचाऱ्याला दोनदा सांगून झालं, दोनदा नको म्हणून झालं. "शरम आली असन थिले," बंडूभाऊ म्हणाले. दादारावांनी तर मनातून चतुराबाईंना केव्हाच माफ केलं होतं. अडचण एवढीच की माफी घ्यायला त्या येत नव्हत्या. घरी साधनाताईंनी, म्हणजे दादारावांच्या पत्नीने, विचारलं, "जाऊन काहून नाई येत तुमी बाळापूरले?" दादाराव म्हणाले की चूक ज्याची त्याने यावं.

चूक कुठे झाली याचा त्यांनी रात्रंदिवस विचार केला आणि ती अखेर त्यांना सापडली. थैलीला माणसाचा हात लागला, ही चूक. मोठ्या शहरातल्या दुकानांत कुणी थैली तपासत नाही. तिथे साडीला एक टणक बटन लावलेलं असतं आणि दारात दोन खांब असतात. पैसे न देता साडी बाहेर निघाली की खांब ओरडतो. माणूस माणसाला काही बोलत नाही, खांब बोलतो. असे खांब 'रागिणी'त बसवले की चतुराबाई निःसंकोच येतील.

खांबांचा अभ्यास करायला दादाराव अमरावतीला निघाले. बडनेरा रोडवर 'वधूवैभव' नावाचं तीन मजली दुकान नुकतंच उघडलं होतं. आपण दुसऱ्याच्या दुकानात शिकायला चाललो हे बाजाराला कळणं बरं नव्हतं. म्हणून घरी सांगितलं की पातूरला एकाच्या मौतीला जातो, आणि नितेशला बजावलं, "कोनाचाई फोन आला तं सांगजो, भाऊ वरत गोडाऊनात हायेत."

'वधूवैभव'मध्ये दादारावांनी दीड तास अभ्यास केला. गिऱ्हाईक दुकानात येऊन साड्या पाहतं, दादारावांनी छत पाहिलं. प्रत्येक कॅमेऱ्याखाली उभं राहून तो खरा की खोटा याचा अंदाज घेतला. कपडे घालून बघायच्या खोल्या मोजल्या. एका विक्रेत्या मुलीला विचारलं, "पोरी, हे बटन घरी काढाचं असन तं कसं काढा लागते?" दारातल्या खांबांमधून रिकाम्या हाताने चार वेळा आत-बाहेर केलं. खांब बोलला नाही. पाचव्या वेळी सुरक्षारक्षकाने विचारलं, "काकाजी, काही हरवलं का?" दादाराव म्हणाले, "अजून नाई."

तेवढ्यात त्यांना कपडे बदलायच्या खोलीबाहेर फरशीवर पडलेलं एक सुटं बटन दिसलं. नितेशला नमुना दाखवायला बरा, म्हणून त्यांनी ते उचलून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि अभ्यास पुरा झाला म्हणून दाराकडे वळले.

खांब असा काही ओरडला की वरच्या मजल्यावरची लहान पोरं रडायला लागली.

दादारावांना मागच्या एका छोट्या खोलीत नेण्यात आलं. नेणाऱ्यांनी अंगाला हात लावला नाही, 'काकाजी' म्हणणंही सोडलं नाही, आणि त्यामुळेच अपमान फार लागला. खोलीत प्रियदर्शनी नावाच्या व्यवस्थापक बाई होत्या. वय तिशीचं, आवाज मऊ. त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग एक फॉर्म काढला.

"काका, घाबरू नका. बटन तुमच्या खिशात सापडलं. साडी कुठे आहे?"

"साडी नाही... साडी नव्हतीच," दादाराव जमेल तितक्या शुद्ध भाषेत म्हणाले. "मी फक्त बटनच घेतलेलं होतं."

"साडी न घेता नुसतं बटन?"

"अभ्यासाकरता."

प्रियदर्शनीबाईंनी हे फॉर्मवर लिहून घेतलं. चोरी पकडायची वस्तूच चोरून नेणारा माणूस त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच येत होता. मग त्यांनी समोरच्या मोठ्या पडद्यावर चित्रण लावलं. "एरवी ही माणसं मान खाली घालून फिरतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोळाच्या सोळा कॅमेऱ्यांत समोरून आहात." प्रत्येक चौकोनातून दादाराव स्वतःकडेच रोखून बघत होते.

"मी सोता व्यापारी आहे, मॅडम. अकोल्याले रागिणी वस्त्रदालन. माझं नाव सांगा, कोनीही सांगेल."

"कार्ड आहे?"

कार्ड नव्हतं. अकोल्यात त्याची कधी गरज पडली नव्हती. दादारावांनी दुकानाचा नंबर दिला. प्रियदर्शनीबाईंनी सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला.

"दादाराव गावंडे आहेत का?"

"हायेत न," पलीकडून नितेश ठणकावून म्हणाला. "भाऊ वरत गोडाऊनात हायेत. आताच च्या पाठोला."

"अबे नितेश, मी बोलून राहिलो!" दादाराव ओरडले.

"कोन तुमी? भाऊ वरत हायेत म्हनलं न!" आणि फोन ठेवला. अकोल्यातला एक तरी माणूस सांगितल्याप्रमाणे वागतो, हे दादारावांना त्या दिवशी कळलं.

घरी फोन करावा तर घरच्या हिशेबाने ते पातूरला कुणाच्या तरी अंत्यविधीत होते. "या दुकानात किंवा अमरावतीत तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का?" प्रियदर्शनीबाईंनी विचारलं. "नाही तर मला पोलिसांना कळवावं लागेल. नियम आहे."

दादारावांनी उगाच बाजूच्या, चालू दुकान दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं, आणि नऊ नंबरच्या चौकोनावर त्यांची नजर खिळली.

दुसरा मजला. पांढरी चादर. चादरीवर वीस-बावीस माणसं. मध्ये नऊवारीतल्या चतुराबाई, बाजूला त्यांचा मुलगा किसनराव, समोर नवरी आरती, आणि भोवती साड्यांचा ढीग. ताथोडांचा बस्ता. जो अकोल्यात व्हायचा, ज्यासाठी गादीवरची चादर रोज बदलली जात होती, तो अमरावतीला, चोरून.

चोर म्हणून पकडलं तेव्हा दादारावांना राग आला होता. आता रडू आलं. त्यांनी चष्मा पुसला, पण चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

"कुणी ओळखीचं आहे?" प्रियदर्शनीबाईंनी पुन्हा विचारलं.

"नाही," दादाराव म्हणाले. या अवस्थेत त्या माणसांसमोर जाण्यापेक्षा पोलीस बरे. हवालदारांकडे निदान ओळखीचा फॉर्म असेल.

प्रियदर्शनीबाईंनी फोन उचलला. आणि पडद्यावर तिथल्या विक्रेत्याने आरतीच्या खांद्यावर एक शालू टाकला. लांबचा कॅमेरा, रंग धड दिसत नव्हते, पण कापड खांद्यावरून पडलं कसं ते दिसलं. अस्सल रेशीम असं पडत नाही. ते जड पडतं, थांबून पडतं. हे सुळकन घसरलं. विक्रेता पाच बोटं दाखवून भाव सांगत होता आणि चतुराबाई मान डोलावत होत्या.

"अवं, थो घेऊ नका म्हना!" दादाराव खुर्चीवरून उठले. त्यांची शुद्ध भाषा तिथेच संपली. "रेसीम नाई थे! नवरीच्या आंगावर टाकून राहिला लेकाचा! मॅडम, थ्या बाई माह्या वयखीच्या हायेत. बलावा त्याइले, अन् तुमचा शालू आधी बाजूले ठेवाले सांगा."

चतुराबाई आल्या, मागे किसनराव. दारात त्या थबकल्या. खुर्चीत दादाराव, टेबलावर बटन, पडद्यावर सोळा दादाराव. किसनराव आपल्या चपलांकडे बघायला लागले.

"आजी, या गृहस्थांना ओळखता? यांच्यावर संशय आहे."

चतुराबाईंनी दादारावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. 

"वयखतो," त्या म्हणाल्या. "हा चोर नाई, पोरी. याले सोताच्या दुकानातल्या साड्या कोनाले देल्या थे ठाऊक नाई, दुसऱ्याच्या काय नेईन!"

"काकू—"

"चूप बस. दिवाळीत माहं गुडघं दुखे म्हनून तूच पसंतीले साड्या पाठोल्या बाळापूरले. एक ठेवली, पैसे पाठोले. तीन वापस कराले आनल्या तं तुह्या दारात थैली जमा. मी आत बसली, अन् थैली बाहीर. आत बसून मी बाहीरच्या थैलीत साड्या कश्या चोरल्या, सांग?"

 इंदूबाई त्या दिवशी नेमकं हेच सांगत होत्या.

"घरी जाऊन थैली उघडली, सहा कॅलेंडरं. मले वाटलं, दादारावनं याद ठेवून देले. मंग वाजलं तुहं वाक्य डोक्यात, कोनाले सांगनार नाई म्हने. पाच दिवस जेवली नाई मी. बाहत्तर वर्साची झाली, कोनाच्या झाडाचं लिंबू तोडलं नाई."

किसनराव हळूच म्हणाले, "मायनंच सांगतलं, त्याइले मालूम नोको होऊ देऊ. वाईट वाटन म्हने त्याइले." म्हणजे ज्याने चोर ठरवलं त्याच्या मनाला लागू नये म्हणून ही माणसं सव्वाशे किलोमीटर लपून आली होती. दादारावांना इतकी लाज वाटली की खांब अजून एकदा ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी चुकलो, काकू," ते म्हणाले. "लय मोठा चुकलो." आणि मग त्यांच्या डोळ्यांसमोर एकेक घर यायला लागलं. "दोन वरूडच्या संत्रेवाल्याच्या घरी देल्या होत्या... त्याची माय पडेल होती. तीन थ्या मास्तरीनबाईले... अन् तीन..." प्रियदर्शनीबाई सवयीने लिहून घेत होत्या. "अन् तीन माह्याच घरी! साधनानं भिसीतल्या बायकाईले दाखोयाले नेल्या होत्या." अकराच्या अकरा साड्या तिथेच, चोराच्या खुर्चीत बसून सापडल्या.

"थे राहू दे," चतुराबाई म्हणाल्या. "थो शालू काहून नोको म्हनत होता?"

यानंतरचे तीन तास दादाराव 'वधूवैभव'च्या दुसऱ्या मजल्यावर, ताथोडांच्या मधोमध मांडी घालून बसले होते. इसार देऊन झाला होता, त्यामुळे बस्ता आता उठवता येत नव्हता. पण चुकीचा होऊ द्यायचा नाही, हे दादारावांच्या हातात होतं. त्यांनी विक्रेत्याला एका हाताने बाजूला केलं. कापड मुठीत चुरगाळून सोडलं, पदर उलटून मागचे धागे दाखवले, सत्तावीस साड्या नापास केल्या. आरतीला गोरं दाखवायचा हट्ट करणाऱ्या आत्याला गप्प केलं आणि पोरीला शोभेल असा गर्द डाळिंबी शालू शेवटच्या फळीवरून काढायला लावला. भावातही दहा टक्के तोडले. हे करताना आपण आपल्याच वैऱ्याचा माल खपवतो आहोत हे त्यांच्या दोनदा लक्षात आलं, पण हात थांबेनात. बाजूच्या दोन बस्त्यांतली माणसंही त्यांनाच विचारायला लागली.

निघताना प्रियदर्शनीबाईंनी मनापासून माफी मागितली. एकच गोष्ट जमण्यासारखी नव्हती. दादारावांचा फोटो संशयितांच्या यादीत गेला होता आणि एकदा गेलेला फोटो हेड ऑफिसशिवाय कुणाला काढता येत नसे. त्यासाठी अर्ज, अर्जासोबत ओळखपत्र आणि एक फोटो लागणार होता. "पण आमच्या बाकीच्या शाखांत शक्यतो जाऊ नका, काका," त्या म्हणाल्या.

परतीला ताथोडांनी त्यांना आपल्या गाडीत घेतलं. जागा नव्हतीच. 'वधूवैभव'च्या पिशव्या मांडीवर घेऊन दादाराव मूर्तिजापूरपर्यंत एका कुल्ल्यावर बसून आले. मूर्तिजापूरला चहा झाला. चतुराबाईंनी पूर्ण घेतला.

अकोल्यात गाडी 'रागिणी'समोर थांबली तेव्हा बाजार अजून उघडा होता. वैऱ्याच्या पिशव्या एकेक करून मागे देत, सगळ्या बाजारासमोर दादाराव खाली उतरले. बंडूभाऊ हातातलं पातेलं पुसायचं विसरून बघत होते. एवढ्यात खिडकीतून चतुराबाईंनी हाक मारली.

"दादाराव, आहेराच्या साड्या राहिल्या रे. सत्तरेक लागतीन. थ्या तुह्याकडून नेतो."

दादाराव खिडकीपाशी गेले. "कोनता रंग पायजे, काकू? कापड कोनतं दाखवू?"

"कोनतं बी दे," चतुराबाई म्हणाल्या. "आहेराची साडी कोन नेसते? याच्या लग्नात घेतली, त्याच्या लग्नात देली." त्या मनात काही न ठेवता बोलल्या होत्या, आणि गाडी बाळापूरकडे निघून गेली.

दादारावांनी हिशेब केला. बस्ता अमरावतीला, आणि आपल्याकडे कुणी न नेसायच्या सत्तर साड्या. घाव अगदी बरोबर बसला होता. बंडूभाऊ जवळ आले. "काय झालं, दादाराव?" दादाराव सरळ आत गेले, दारातलं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि इंदूबाईंना म्हणाले, "बाई, काउंटरवर या." मग सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"नितेश, सत्तर साड्या काढ. ताथोडाइचा आहेर हाय."

नितेश खालच्या फळीकडे वाकला. आहेराचा माल तिथेच असतो, सगळ्या दुकानांत.

"खालून नाई. वरून काढ. चांगल्यातल्या."

"भाऊ, भाव परवडन काय?"

"भाव खालचाच लाव. इंदूबाई, कोनाच्या घरी कोनता रंग चालते थे तुमी सांगा, एकेक साडी नावानं लावा."

नितेश शिडीवर अर्ध्यातच थांबला. "पन भाऊ, आहेराची साडी कोनी नेसत नाई."

"नेसतीन," दादाराव म्हणाले. "झक मारून नेसतीन."